बिनशिक्क्याचे बारा फॉर्म

१

फॉर्मवर नाव लिहू नये, सही करू नये, शिक्का मारू नये, असं शिवांजली सूर्यवंशीने ठळक अक्षरांत, चौकटीत, दोन ठिकाणी छापलं होतं. निंबसर तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी नाव लिहिलं होतं, सही केली होती आणि शिक्काही मारला होता. बऱ्याच जणांनी वर जावक क्रमांक टाकला होता. म्हणजे गुपचूप द्यायचं मत आधी शाळेच्या नोंदवहीत रीतसर नोंदवून मग पाठवलं होतं.

शिवांजलीने कपाळ चोळलं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना तिला नमुना कसा निवडावा हे शिकवलं होतं. नमुना सूचना वाचत नसेल तर काय करावं, हे शिकवलं नव्हतं.

सांगलीच्या ज्या संस्थेत ती कामाला होती, तिच्याकडे एक नवीन काम आलं होतं. गटशिक्षणाधिकारी क्षमा आगाशे यांच्या हाताखाली निंबसर तालुक्याच्या शहाण्णव प्राथमिक शाळा होत्या. अडीच वर्षांत त्यांनी या शाळा कशा चालवल्या, हे त्या शाळांच्या मुख्याध्यापकांनीच सांगायचं होतं. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सरासरी तीन किंवा जास्त आली तर बाई राहणार. कमी आली तर त्यांची बदली, आणि पदभार विस्तार अधिकारी गोपाळकृष्ण आठल्ये यांच्याकडे. समितीचे अध्यक्ष नानासो थोरवे, निवृत्त प्राचार्य, कराडला घरी बसून दुपारी चार वाजता आकड्याची वाट बघणार होते.

शिवांजलीने एकच नियम कडक ठेवला होता. फॉर्म जमा होतील, मोजले जातील, सीलबंद होतील. पण ज्यांचं मूल्यमापन आहे त्या बाईंनी त्यांना हात लावायचा नाही.

बाईंनी हात लावायच्या ऐवजी चिठ्ठी पाठवली होती. सकाळी शिवांजली एसटीतून उतरून पंचायत समितीत पोचते न पोचते, तोच शिपाई सुलाबाईंनी ती तिच्या हातात ठेवली. एका जुन्या परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर, छापल्यासारख्या अक्षरात: ‘माहितीसाठी मला ईमेलने पाठवलेल्या आपल्या नमुना फॉर्ममध्ये सूचना क्र. ४ निळे पेन वापरण्यास सांगते व सूचना क्र. ६ काळे पेन. नेमके कोणते, याचा खुलासा व्हावा.’

शिवांजलीने फॉर्म काढून बघितला. खरंच की. ती स्वतःवर चिडली, मग बाईंवर चिडली, कारण बाई बरोबर होत्या.

तालुक्यात आठ केंद्रं, प्रत्येकात बारा शाळा, म्हणून आठ लिफाफे. सात लिफाफे फोडून झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते. चौऱ्याऐंशी फॉर्मांची सरासरी आली तीन पूर्णांक दोन. कुणी वैतागून एक दिला होता, कुणी दबकून पाच; गोल भरायच्या ऐवजी सगळ्यांनी बरोबरची खूण केली होती, हाताला येईल त्या पेनाने. तरी गुण माणसांनी दिल्यासारखे वाटत होते. कमी-जास्त, वाकडेतिकडे, खरे.

मग तिने आठवा लिफाफा फोडला. कोळदरे केंद्र. डोंगरातलं, सगळ्यात लांबचं.

पहिल्या फॉर्मवर दहाही प्रश्नांना एक. दुसऱ्यावर एक. बाराव्यापर्यंत एकशेवीस गोल, एकशेवीस वेळा एक. तालुक्याची सरासरी घसरून दोन पूर्णांक त्र्याण्णववर आली.

बाई गेल्या, असं तिच्या मनात आलं. मग तिने फॉर्म पुन्हा उलटसुलट पाहिले आणि पाठीला टाचणी टोचल्यासारखी ताठ बसली.

बाराही फॉर्मवर शिक्का नव्हता. सही नव्हती. जावक क्रमांक नव्हता. गोल काठोकाठ, सूचनेप्रमाणे भरलेले. सहा फॉर्म निळ्या पेनाने आणि सहा काळ्या. आणि तिने सांगलीहून छापून पाठवलेला फॉर्म दोन सुट्या कागदांचा होता, कोपऱ्यात पिन मारलेला; हे बारा मात्र एकाच कागदावर पाठपोट छापलेले होते.

हे तिचे फॉर्मच नव्हते.

२

“बिनशिक्क्याचे?” गोपाळकृष्ण आठल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “अहो मॅडम, बिनशिक्क्याचा कागद म्हणजे चिठोरं. ते आमच्या टपालातसुद्धा घेत नाही आम्ही.”

“फॉर्मवर लिहिलं होतं, शिक्का मारू नये.”

“कुठे?”

शिवांजलीने चौकट दाखवली. त्यांनी ती प्रथमच पाहत असल्यासारखी वाचली. “हां. असं होय. पण ते तुम्ही सांगलीच्या लोकांसाठी लिहिलं असणार.”

ती मनात दहापर्यंत मोजायला लागली आणि सातवर थांबली. “लिफाफे कोणी बंद केले?”

“मीच. शुक्रवारी सात केंद्रांचे फॉर्म आले. या टेबलावर मी आणि सुलाबाईंनी एकेक मोजला. प्रत्येकाचा शिक्का नीट उमटलाय का, तेही पाहिलं. दोन फिके होते, त्यांना फोन करून पुन्हा मारायला बोलावलं.”

“अनामिक फॉर्मवर?”

“फिका शिक्का चालत नाही, मॅडम.”

“आणि कोळदरे?”

“ते शनिवारी आलं. हंबीरराव केंद्रप्रमुख आहेत तिथले, त्यांचं सगळंच एक दिवस उशिरा. मागच्या महिन्यात मॅडमनी कारणे दाखवा नोटीसही दिली त्यांना. शनिवारी ऑफिसला सुट्टी, पण सुलाबाई झाडायला येतात. फाइल त्यांच्याकडे देऊन हंबीरराव गेले. मी चार वाजता येऊन लिफाफ्यात घातली, डिंक लावला, कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडेच.”

“आतले फॉर्म पाहिलेत?”

“नाही. घरी पाहुणे होते. पातळ वाटली फाइल, पण म्हटलं, कोळदऱ्याचं काम पातळच असायचं.”

चोवीस कागदांऐवजी बारा, म्हणजे चार वाजायच्या आधीच बदल झाला होता. ही माहिती त्यांनी दिली होती, आणि पदभार मिळणार होता तोही त्यांनाच.

“शनिवारी आणखी कोणाला येताना पाहिलंत?”

“मी नाही पाहिलं. आमच्या मॅडमचं विचाराल तर त्यांना शनिवार-रविवार काय, सगळे वार सोमवारच. स्वतः येऊन बसतात आणि आम्हाला मेसेज करतात. सकाळी सहा वाजता ‘खुलासा व्हावा’. चहा घशाखाली उतरत नाही हो.”

तिने शुक्रवारच्या नोंदीची यादी मागितली. आठल्यांनी संगणकावरून ती छापून दिली. चार ओळींचं एक पान, अशी पाच पानं, प्रत्येकाची मागची बाजू कोरी.

“एका पानावर मावली असती,” शिवांजली म्हणाली.

“मागं मोकळं असलेलं बरं. साहेबांना शेरा मारायला जागा लागते. पाठपोट छापायचं खूळ फक्त आमच्या मॅडमना, त्यांच्या केबिनमधल्या प्रिंटरवर. आमच्याकडून नाही होत ते. उलटा कागद घातला की अक्षरं डोक्यावर उभी राहतात.”

ती उठली. दाराशी पोचली तेव्हा मागून आठल्यांचा आवाज आला, अगदी साधा, पावसापाण्याचं विचारावं तसा.

“म्हणजे सरासरी तीनच्या खाली गेली का?”

तिने सरासरीचा उल्लेखही केला नव्हता.

३

“खाली गेली म्हनला त्यो?” हंबीरराव खदखदून हसले. टपाल घेऊन ते नेमके त्याच वेळी आले होते. शिवांजलीने त्यांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर गाठलं होतं. “ताई, त्यो गडी अडीच वर्सं रोज सकाळी हेच इचारतोय. मॅडम कधी जात्याल, कधी जात्याल. त्यात नवं काय न्हाई.”

“तुमच्या केंद्राचे फॉर्म तुम्हीच आणलेत ना?”

“व्हय. बाराच्या बारा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गोळा केलं, फटफटीवर घाट उतरून आणलं. साडेबाराला सुलाबाईच्या टेबलावर ठिवलं.”

“तुम्हाला मागच्या महिन्यात बाईंनी कारणे दाखवा नोटीस दिली होती.”

“दिली की. फुडच्या महिन्यात बी देतील. माझ्याकडं फाइल हाय नोटिसांची, जाड हाय.”

“म्हणून राग काढलात?”

हंबीररावांचा चेहरा बदलला. “राग? आवं, आमी तर सगळ्यांनी पाच-पाच दिलं.”

“काय?”

“पाच. समद्या प्रश्नांस्नी. बारा शाळा, एक बी चार न्हाई.”

तिने त्यांच्यासमोरच कोळदऱ्यातल्या वीरधवल गुरुजींना फोन लावला. तीनदा कट झाला, चौथ्यांदा गुरुजी शाळेमागच्या टेकाडावर चढले आणि बोलले. होय, पाचच. सगळ्यांनी. शिक्का मारून, सही करून.

“गुरुजी, तुमच्या शाळेत शिक्षक किती?”

“मी.”

“आणि वर्ग?”

“चार. आत्ता मी टेकाडावर हाय म्हणजे चारी वर्ग मोकळंच हायेत बघा. ठेवू का?”

तिने फोन ठेवला. हंबीरराव पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढत होते.

“आमच्याकडं बारातल्या सात शाळांत एकेकच मास्तर हाय,” ते म्हणाले. “त्यो मिटिंगला आला की शाळा बंद. त्यो तापानं पडला की शाळा बंद. मॅडम अडीच वर्सांत एकदा आल्या. घाटात गाडी लागली, परत गेल्या.”

“मग पाच कशाला दिलेत?”

“वर शाळेचा शिक्का हाय न्हवं. शिक्का मारून एक देतंय व्हय कोण? एकटा मास्तर, उद्या त्येचीच बदली झाली तर?”

“मग शिक्का का मारलात?”

“शिक्क्याबिगर फॉर्म घेतंय कोण?”

शिवांजलीने डोळे मिटले. विहिरीभोवती फिरणाऱ्या बैलाला वाटत असेल तसं तिला वाटत होतं. “मारू नका असं लिहिलं होतं, हंबीरराव. दोन ठिकाणी.”

“लिवलं आसंल. केंद्रप्रमुखांचा ग्रुप हाय मोबाइलवर, तितं ठरलं, मारायचा. आख्ख्या तालुक्यानं मारला, आमीबी मारला.”

“बाई नाहीत त्या ग्रुपवर?”

“मॅडम न्हाईत म्हणून तर ग्रुप हाय, ताई.”

म्हणजे बारा खरे फॉर्म सहाशेपैकी सहाशे गुणांचे होते. कुणीतरी ते काढून घेऊन त्यांच्या जागी दुसरे ठेवले होते. शनिवारी साडेबारा ते चार. त्या वेळात फाइलीजवळ एकच माणूस होतं.

४

सुलाबाई पंचायत समितीत सव्वीस वर्षं शिपाई होत्या. सहा अधिकारी त्यांनी येताना पाहिले होते आणि पाच जाताना.

“फाइल हितंच व्हती,” त्यांनी बाहेरच्या टेबलावर हात ठेवला. “आन् मी दारात. तांदूळ निवडत बसले व्हते, घरचंच. बारापासनं चारपातूर.”

“मध्ये उठलात?”

“न्हाई.”

“कोण आलं होतं?”

“कुणी न्हाई.”

“आठवून सांगा, सुलाबाई.”

“आठवायचं काय त्यात? दारातनं चिमणी आत आली न्हाई. साडेबाराला हंबीरराव आला आन् गेला, चारला आठल्येसायब आलं. मधी कुणी आलं न्हाई. देवाच्या पायरीवर हात ठिवून सांगीन.”

“तुम्ही तर नाही ना फाइल उघडली?”

सुलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की शिवांजलीला आपली आई आठवली. “ताई, ते फॉर्म काय मला नवीन हायेत? शुक्रवारी चौऱ्यांशी फॉर्म माझ्या हातनं गेलं. डिंकानं बोटं चिकटली व्हती रातभर.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. पण काहीतरी होतं. बोलताना त्या एकदाही शिवांजलीच्या डावीकडे, आतल्या दाराकडे, बघत नव्हत्या. खोलीत एकच दार असल्यासारख्या त्या रस्त्याच्या दाराकडे तोंड करून उभ्या होत्या.

“चहा घ्या,” त्या म्हणाल्या. “डोसकं तापलंय तुमचं.”

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. शिवांजली चहा घेऊन बसली आणि आठल्यांच्या यादीच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. निदान त्या पानांचा उपयोग झाला.

पहिली गोष्ट. ज्याने फॉर्म बदलले त्याला ते बेमालूम मिसळायला हवे होते. बाकीचे चौऱ्याऐंशी फॉर्म शिक्क्यांनी भरलेले. त्यांच्यात बारा स्वच्छ फॉर्म म्हणजे काळ्या मेंढ्यांत पांढरी मेंढी. हे कळूनही असे फॉर्म कोण ठेवील? कोणीच नाही. म्हणजे ज्याने ठेवले, त्याला बाकीच्या फॉर्मवर शिक्के आहेत हे माहीतच नव्हतं.

आठल्यांनी एकेक शिक्का तपासला होता. सुलाबाईंच्या हातून सगळे गेले होते. हंबीररावांना ग्रुपवरून कळलं होतं, शिवाय त्यांना हवे तेवढे शिक्के कोळदऱ्यातच मिळाले असते. तिघेही सुटले.

दुसरी गोष्ट. ज्याने बदलले त्याने कोळदऱ्याचे खरे फॉर्म तर पाहिले असणार, शिक्क्यांसकट. ते पाहून त्याला काय वाटलं? कोळदऱ्याने नेहमीसारखी सूचना वाचली नाही. बाकीच्यांनी वाचली असेल. तालुक्यात असा विश्वास कोणाचा उरला होता?

तिसरी. सूचना चार म्हणते निळं पेन, सूचना सहा म्हणते काळं. शहाण्णव मुख्याध्यापकांपैकी हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. फॉर्म भरणाऱ्याच्या आलं होतं, आणि दोन्ही सूचनांचा मान राखायला त्याने सहा निळ्याने भरले, सहा काळ्याने.

चौथी, पाठपोट.

पाचवी तिने लिहिलीच नाही. सुलाबाई खरं बोलल्या होत्या. दारातून आत कोणी आलं नव्हतं. कारण जे होतं, ते सकाळपासून आतच होतं.

चहा निवला होता. शिवांजलीने तो एका घोटात संपवला, बारा फॉर्म उचलले आणि आतल्या दारावर टकटक केली.

५

क्षमा आगाशे खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, मूळच्या वाईच्या. टेबलावर एकही सुटा कागद नव्हता.

“खुलासा आणलात?” त्यांनी विचारलं.

“पेनाचा? चूक माझी आहे. काळं असायला हवं होतं.” शिवांजलीने फॉर्म त्यांच्यासमोर ठेवले. “तुमचे सहा वाया गेले.”

बाईंनी फॉर्मकडे पाहिलं. नाकारतील, आवाज चढवतील, असं शिवांजलीला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, एवढंच.

“कशावरून?” त्या म्हणाल्या. ओरडून नव्हे, उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या आवाजात.

शिवांजलीने सगळं क्रमाने सांगितलं. शिक्क्यांचं ऐकताना बाईंच्या कपाळावर पहिल्यांदा आठी पडली.

“सगळ्यांनी मारले? आठही केंद्रांनी?”

“सगळ्यांनी.”

“मी सूचना कशा वाचाव्यात यावर तीन परिपत्रकं काढलीत.”

“तीही कोणी वाचली नसणार.”

बाईंनी खालचा खण उघडला आणि पिवळी फाइल काढून टेबलावर ठेवली. आत बारा फॉर्म होते, शिक्क्यांचे, सह्यांचे, पाच-पाच गुणांचे.

“तुम्ही फाडले नाहीत?”

“आलेला कागद फाडता येत नाही.” त्या म्हणाल्या. “शनिवारी फाइल बाहेरच्या टेबलावर पडून होती. तुमचा नियम मला ठाऊक होता. मी पाणी प्यायला उठले. फाइलीवर कोळदरे असं लिहिलं होतं. दुसरं कुठलं केंद्र असतं तर मी हात लावला नसता.”

“कोळदऱ्याचं काय?”

“तिथे माझं काम सगळ्यात वाईट आहे. सात शाळांत एकेकच शिक्षक. मी वर बारा पत्रं लिहिली, उत्तर एकालाही नाही. पत्रं लिहिली म्हणजे काम झालं असं मी अडीच वर्षं समजत राहिले. गेले एकदा, अर्ध्या घाटातून परत आले. म्हटलं, निदान ते लोक तरी लिहितील. शिव्या घालतील. तो कागद मी वर पाठवला असता, की बघा, माझ्या पत्राला किंमत नाही तर यांच्या शिव्यांना द्या. उघडून बघते तर सहाशेपैकी सहाशे. शिवांजली, माझ्या आईनेही मला कधी एवढे दिले नसते.”

“म्हणून तुम्ही खोटे फॉर्म भरलेत.”

“खरे भरले. खोटे ते आहेत, शिक्क्याचे.”

“ते खोटं त्यांच्या हातचं आहे, बाई. हे खरं दुसऱ्याच्या हातचं आहे. माझ्या दृष्टीने दोन्ही कचराच.” शिवांजलीचा आवाज चढला आणि तिने तो खाली आणायचा प्रयत्नही केला नाही. “सकाळपासून मी या ऑफिसात डोकं आपटतेय. बाहेरच्या माणसांनी सूचना वाचली नाही म्हणून फॉर्म बिघडले. तुम्ही वाचलीत, आणि तरी बिघडवलेत. निदान त्यांना ठाऊक तरी नव्हतं.”

बाईंनी बिनशिक्क्याचे फॉर्म कडा जुळवून सारखे केले.

“सरासरी तीनच्या खाली जाईल हे ठाऊक होतं?”

“नाही. बाकीचे सात मी पाहिले नव्हते.”

“जावी असं वाटत होतं?”

बाहेर सुलाबाईंचा झाडू थांबला. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

“तेही,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी सहा वाजता उठून ज्यांना मेसेज करते, ते माझ्या नावाने बोटं मोडतात हे काय मला कळत नाही? सुटले असते. आठल्ये आले असते, सगळ्यांना बरं वाटलं असतं. कोळदऱ्याला तसाही फरक पडला नसता.”

“आणि आठल्ये कोळदऱ्याला गेले असते?”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. शिवांजलीने त्यांच्याच टेबलावर कागद ओढला आणि लिहायला बसली. एक पान झालं. शेवटी जागा सोडून तिने ते बाईंकडे सरकवलं. बाईंनी ते शांतपणे वाचलं, एका तारखेत दुरुस्ती केली आणि खाली सही केली. कदाचित नोकरीवर येईल अशी सही.

मग बरोबर चार वाजता शिवांजलीचा फोन वाजला.

६

“हं, पोरी, सांग आकडा,” नानासो थोरवे म्हणाले.

“सर, आकड्याच्या आधी एक पान आहे.”

“पान पाठवून दे, बघतो सावकाश. आकडा काय?”

“तीन पूर्णांक दोन. कोळदरे वगळून.”

“झालं तर मग. तीनच्या वर हाय. बाई राहत्यात. लिहितो मी.”

“सर, लिहू नका.” शिवांजलीने डोळे मिटून श्वास घेतला. आज तिने लिहिलेलं कोणीही वाचलं नव्हतं. सूचना, चौकट, ठळक अक्षरं. हे पानही फाइलीत जाऊन बसलं असतं, आणि बाई त्याच खुर्चीत, कोळदरे त्याच डोंगरात. “मी वाचून दाखवते.”

“अगं, माझा चहा—”

“चहा घेत ऐका.”

तिने सगळं पान वाचलं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. कोळदऱ्याच्या सात शाळांची नावं वाचली. पाठवलेल्या बारा पत्रांच्या तारखा वाचल्या. समोर क्षमाबाई स्वतःच्या गुन्ह्याचं वाचन, दुसऱ्याच्या शाळेचा अहवाल ऐकावा तसं ऐकत होत्या. पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“म्हणजे बाईनं स्वतःलाच नापास केलं?” नानासो शेवटी म्हणाले.

“बारा शाळांपुरतं.”

“चाळीस वर्सं शाळांत काढली मी. स्वतःचे मार्क वाढवणारे लय बघितले.” ते खाकरले. “पण केलं ते चूकच. चौकशी लावावी लागंल, त्यात माझा इलाज न्हाई. निकाल पंधरा दिवस थांबवतो. कोळदऱ्याचे फॉर्म परत भरून घे. तू सोता जाऊन, एकेका मास्तरासमोर बसून. आठल्ये नको, हंबीरराव नको, कोणी नको. काय येईल ते खरं. बाईंना सांग, कमी आलं तर जावं लागंल. आन् ती बारा पत्रं मला पाठव. जिल्ह्याला कुणीतरी विचारलं पायजे त्याचं काय केलं म्हणून.”

फोन बंद झाला. शिवांजलीने निरोप सांगितला. बाईंनी पंधरा दिवसांनंतरची तारीख डायरीत लिहून घेतली, खाली रेघ ओढली आणि बेल दाबली.

“सुलाबाई, ड्रायव्हरना सांगा, उद्या सकाळी सहाला निघायचं. आणि हंबीररावांना फोन लावा. कोळदऱ्याच्या सात शाळा, दोन दिवसांत. मी मुक्काम करीन.”

“मॅडम, घाटात तुमाला गाडी लागतीया,” सुलाबाई दारातून म्हणाल्या.

“लागू दे.”

“बाई, नाही,” शिवांजली म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

“पंधरा दिवस तुम्ही कोळदऱ्यात पाऊल टाकायचं नाही. तुम्ही गेलात की गुण बदलणार. कोणी खूश होऊन वाढवील, कोणी दबून वाढवील. मग तो आकडा अडीच वर्षांचा राहणार नाही, त्या दोन दिवसांचा होईल. फॉर्म होईपर्यंत थांबा. मग खुशाल जा.”

हे निर्विवाद बरोबर होतं. कुठल्याही परीक्षकाने हेच सांगितलं असतं. बाईंनाही ते पटलेलं दिसलं. त्यांनी डायरी बंद केली आणि हात त्यावर ठेवून बसून राहिल्या.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस.”

सुलाबाई गेल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या. “वीरधवल गुर्जींचा फोन आला व्हता मगाशी, तुमी आत असताना,” त्या शिवांजलीला म्हणाल्या. “इचारत व्हते, सांगलीच्या ताईंनी शिक्षक किती म्हणून का इचारलं. कुणी येणार हाय का म्हणून.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मी काय सांगणार? ताईंना इचारते म्हनलं.”

शिवांजलीने टेबलावरचे चोवीस फॉर्म पाहिले. बारा शिक्क्याचे, बारा बिनशिक्क्याचे, एकही कामाचा नाही. तिला स्वच्छ नमुना हवा होता. एकदा तरी, या तालुक्यातून, शिकवला होता तसा. तो मिळवायची वाट अगदी सरळ होती. पंधरा दिवस एका टेकाडाखाली चार वर्ग एका माणसावर सोडून द्यायचे, एवढंच.

“जा,” ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली. “आणि निकाल?”

“बिघडेल. किती बिघडला ते मी मोजीन, ते माझं काम आहे.” तिने बॅग खांद्याला अडकवली. ती अजूनही चिडलेली होती, फक्त आता कोणावर हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. “कोणत्या शाळेत किती वाजता गेलात, किती वेळ बसलात, सगळं लिहून आणा. आणि बाई, मेसेज करू नका कोणाला. नुसत्या जा.”